उभा वारा

९ फेब्रुवारी

चिमे,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर. तुझे फोन येऊन गेलेले दिसले. मी उचलले नाहीत, पुढेही उचलणार नाही, तेव्हा पुन्हा करू नकोस. काही सांगायचं असेल तर लिही. आणि हा राग आहे असं समजू नकोस. राग असता तर मी कागद-पेन शोधत बसले नसते. हल्ली फोनवर सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात, निम्मं कळत नाही, आणि निम्म्या वाक्याला उत्तर द्यायची मला सवय नाही.

चौकातल्या माझ्या शिल्पाचा पेपरातला फोटो पाहून फोन केला असशील. त्या फोटोवर जाऊ नकोस. फोटोग्राफर पलीकडच्या गच्चीवरून काढत होता, त्यामुळे काम बुटकं आणि लठ्ठ आलंय, मावशीसारखं. प्रत्यक्षात ते वाचनालयाच्या छपरापेक्षा उंच आहे. तीन पाती, तू कागदावर पाहिली होतीस तीच. पण तू गेल्यावर मी त्यांना कमरेत वाकवलं. तिन्ही एकमेकांकडे झुकतात आणि शेवटी भेटत नाहीत. मधलं पातं आतून पोकळ आहे. त्याला गुडघ्याच्या उंचीपासून थेट टोकापर्यंत एक उभी फट ठेवलीय, बोट जाईल एवढीच. फटीच्या दोन्ही कडा घासून घासून सुरीसारख्या केल्या. सकाळी मागून ऊन येतं तेव्हा त्या काळ्या पोलादात उजेडाची रेघ उभी राहते. चिमे, माझं सगळं आयुष्य लोखंड कापण्यात गेलं, पण एवढी सरळ रेघ माझ्या हातून कधी निघाली नव्हती.

नाव ठेवलंय ‘उभा वारा’. नगरपालिकेचा अभियंता म्हणाला, वारा उभा कसा असेल? मी म्हटलं, तुम्ही बसलेला पाहिलाय का कधी? तो हसला नाही. चौकाचं काम त्याच्याकडे आहे, त्यामुळे त्याला कायम काहीतरी पडणार असल्याची धास्ती असते.

वर्कशॉपमध्ये तुझी जागा रिकामी राहिलेली नाही. तिथे मी गॅसची नळकांडी उभी केली आहेत. ती निदान उलट बोलत नाहीत.

दारातून निघताना तू जे म्हणालीस ते मी विसरलेले नाही. ‘ताई, तुला बहीण नकोय, पकड हवी आहे.’ घट्ट धरून ठेवणारी आणि गप्प बसणारी. वाक्य चांगलं होतं. आदल्या दिवशी जुळवून ठेवलं होतंस का? मी ‘आता येशील तेव्हा पाहुणी म्हणून ये’ म्हणाले, ते मात्र ऐनवेळी सुचलं होतं. इतकी वर्षं माझ्याबरोबर पत्रे धरलेस, आणि नेमकं हे काम मिळालं त्याच आठवड्यात तुला परगावच्या शाळेत हस्तकला शिकवायची हौस आली. असो. पोरांच्या कागदी होड्या बुडत नाहीत ना?

रेडिओ बिघडलाय. कितीही मोठा केला तरी पुटपुटतो. शेजारचा येऊन आवाज कमी करा म्हणून हात जोडून गेला. त्याचंही काहीतरी बिघडलं असावं.

— ताई

२३ फेब्रुवारी

चिमे,

तुझा कागद मिळाला. ‘ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? या काळात पत्रं कोण लिहितं?’ बस, एवढंच. तू लिहितेस, हे लक्षात आलं का?

परवा एक गंमत झाली, म्हणजे आता तिला गंमत म्हणायचं. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई वर्कशॉपवर आल्या. बारीक चणीच्या, मान खाली घालून बोलणाऱ्या. मी ग्राइंडर बंद केला. त्या काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, काय? त्या म्हणाल्या, ‘तुमचं ते काम पडतंय.’

मी पाना उचलला आणि पळत सुटले. चष्मा कपाळावर, हातात हातमोजे, रस्त्यातली माणसं बाजूला होत होती. चौकात पोचले तर तिन्ही पाती जागच्या जागी. पायाचे सगळे नट तपासले, एकही ढिला नाही. तोवर ग्रंथपाल बाई धापा टाकत आल्या. माझ्या तोंडासमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘अहो पडत नाही, रडतं. र-ड-तं.’

‘काय रडतं?’

‘हेच. वारा सुटला की. आमच्या वाचनकक्षात बसवत नाही कोणाला.’

मी तिथेच थांबले. त्या दिवशी वारा चांगला होता, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडझाप करत होतं. मी फटीजवळ उभी राहिले, मागे गेले, तिन्ही पात्यांभोवती फेऱ्या मारल्या. काही नाही. शांत. पायऱ्यांवर दोन मुली कानात बोटं घालून बसल्या होत्या, पण मुलींचं काय, त्या हसत होत्या. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले, माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी आपटून लावली.

तुला सांगते, यांना ते आवडलेलंच नाही. पहिल्या दिवसापासून. कोणी म्हणतं जहाजाचं मोडकं वल्हं, कोणी म्हणतं चुकून राहिलेलं बांधकाम. आता सरळ ‘नको’ म्हणता येत नाही म्हणून रडण्याची तक्रार. पोलाद रडतं म्हणे.

मी घरी आले आणि पुन्हा गेले. पुन्हा आले. बसवेना. आई म्हणायची ना, ही पोरगी बसलेली असली तरी पळतेय असं वाटतं. म्हणूनच तर मी मातीपाशी टिकले नाही, मातीत हात घातला की मला झोप यायची. दगड एकदा उडाला की उडाला. पोलादाचं बरं असतं. कापा, जोडा, पुन्हा कापा, ते तक्रार करत नाही. तू वैतागायचीस, झालेलं काम मी परत फोडते म्हणून. हे एकच काम मला परत फोडावंसं वाटलं नाही, आणि नेमकं हेच रडतंय.

एक विचारायचं होतं. तू दोऱ्यात ओवलेले रबरी बोळे माझ्या गळ्यात अडकवायचीस, ग्राइंडर चालवताना कानात घालायला, आणि मी ते भिरकावून द्यायचे. ते कुठे मिळतात? सहज विचारतेय.

— ताई

८ मार्च

चिमे,

हे पत्र नीट बसून वाच. मी नीट बसून लिहितेय, यावरून काय ते समज.

तक्रारी वाढल्या म्हणून नगरपालिकेने बैठक बोलावली. लांबलचक खोली, उंच छत, डोक्यावर पंखे. अभियंता खिडकीकडे पाठ करून बसलेला, त्यामुळे त्याचा चेहरा नुसता काळा दिसत होता. ग्रंथपाल बाई होत्या, ते खिडकी आपटणारे गृहस्थ होते, आणखी काही लोक. सगळे बराच वेळ बोलले. मी गंभीर चेहरा करून मान हलवत होते. मग अभियंत्याने काहीतरी विचारलं आणि सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं, विचारतायत की तुम्हाला लोकांची अडचण समजते का. मी म्हटलं, ‘हो. नक्कीच.’

खोलीभर सगळ्यांचे चेहरे सैल झाले. खिडकीवाले गृहस्थ तर उठून माझा हात हातात घेऊन गेले. मी खूश होऊन घरी आले. म्हटलं, पाहा, चार शब्द समजुतीने बोललं की माणसं ऐकतात.

दोन दिवसांनी क्रेनवाला आला. तोच, ज्याने पाती उभी केली होती. त्याच्या मिशा ओठांवरून खाली उतरल्या आहेत, त्याचं बोलणं त्याच्या बायकोला तरी कळत असेल की नाही कोण जाणे. तो बोलला, मी मान हलवली. तो पुन्हा बोलला, मी पुन्हा मान हलवली. तो जाईना. शेवटी त्याने माझ्या टेबलावरचा खडू घेतला आणि समोरच्या पोलादी प्लेटवर लिहिलं, ‘उतरवून कुठे ठेवू?’

‘काय उतरवून?’

त्याने खाली लिहिलं, ‘उभा वारा’. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याने खडू खाली ठेवला आणि हाताने मिशा वर धरून सावकाश म्हणाला, ‘बाई, तुम्हीच बैठकीत हो म्हणालात. कापून न्या म्हणालात.’

मी त्याला पाणी दिलं. स्वतःही प्यायले. मग तशीच कानाच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर बाईने मला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर मोठे हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बटणावर अंगठा ठेवून बसले. बसले, बसले. कंटाळून काच ठोठावली आणि विचारलं, सुरू कधी करणार? ती माझ्याकडे बघत राहिली. चिमे, तपासणीचा अर्ध्याहून जास्त भाग होऊन गेला होता.

जाड आवाज थोडेफार उरलेत. दार आपटलं, ट्रक गेला, तेवढं पोचतं. वरचे, बारीक सगळे गेले. परत येणार नाहीत. यंत्र लावून थोडा उपयोग होईल, थोडाच. हे एका दिवसात झालेलं नाही. सांधा पक्का बसला की हातोडीच्या घावाला तो खणखणीत उत्तर देतो, कच्चा असला की थप्प म्हणतो, आठवतं ना? या कामाचे सांधे मी बोटांनी चाचपून तपासले. मी स्वतःला सांगत होते की हातोडी नवी आहे.

तुझा आवाज बारीक. लहानपणी चिमणी म्हणायचो ते त्याच्यामुळेच. माणसांच्या आवाजांत सगळ्यात आधी तो गेला. दारातलं तुझं ते पकडीचं वाक्यसुद्धा मी ऐकलं नव्हतं, तुझ्या ओठांवर पाहिलं होतं. फोन उचलून मी काय केलं असतं? हो, हो, म्हणत राहिले असते. हो म्हटल्यावर काय होतं ते आता पाहिलंच.

अभियंत्याला जाऊन सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, ‘एप्रिल संपेपर्यंत थांबतो. आवाज मोजायचं मीटर आहे आमच्याकडे. काटा खाली आला तर राहू दे, नाही आला तर मात्र मला इलाज नाही.’

आता मला असा आवाज बंद करायचा आहे जो मला येत नाही.

तुझ्या शाळेला सुट्टी कधी असते? सहज विचारतेय.

— ताई

१९ मार्च

चिमे,

चार पानं वाचली. दोनदा. ‘मी इतके महिने समजत होते की तू माझ्यावर रागावली आहेस, आणि तू बहिरी झाली होतीस?’ यातल्या बहिरी शब्दावर तुझं पेन कागदातून आरपार गेलंय. उत्तर असं, की दोन्ही. रागावलेही होते. एकाने दुसऱ्याला सांभाळून घेतलं.

तू येतेस की नाही ते चार पानांत कुठेच नाही. म्हणून इकडचं सांगते.

खिडकीवाल्या गृहस्थांकडे गेले होते. ते शिंपी आहेत, आता काम सोडलंय, पण सुया अजून शर्टाच्या कॉलरला टोचलेल्या असतात. बैठकीत मी दिलेलं वचन फिरवलं म्हणून त्यांनी दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच. आत खिडकीला लागून पलंग आणि पलंगावर त्यांची बायको. बऱ्याच दिवसांपासून झोपून आहेत. पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे शब्द कसे सुटे, स्वच्छ. त्यांचं सगळं बोलणं मला कळलं. इतक्या दिवसांनी कोणाचं तरी सगळं बोलणं कळलं की माणूस किती वेळ बसून राहतो बघ, मी त्यांच्या दोन चहांच्या वेळा बुडवल्या.

मी म्हटलं, ‘काकू, तुम्हाला त्रास झाला. माफ करा.’

‘झाला ना. पहिल्यांदा वाटलं, खाली कोणाला तरी लागलंय.’

‘कसा असतो हो तो आवाज? सगळे म्हणतात रडतं, ओरडतं. कोणी नीट सांगत नाही.’

त्यांनी डोळे मिटले. त्या विचार करतायत हे मला कळलं, पण शिंपीकाकांना वाटलं दमल्या, ते मला उठवायलाच निघाले. मग त्या म्हणाल्या, ‘काचेच्या पेल्याच्या काठावरून ओलं बोट फिरवा. तसा. पण घराएवढ्या पेल्याच्या. आणि फिरवणाऱ्याला कळत नाहीये कुठे थांबायचं.’

‘म्हणजे नकोसा.’

‘नकोसाच,’ काकू म्हणाल्या. ‘पण थांबला की मी वाट बघते.’

काका म्हणाले, हिला काही विचारू नका, ही औषधाचीही वाट बघते.

तेव्हापासून मी शिडी घेऊन त्या फटीशी झटतेय. रबर भरून पाहिलं, उजेडाची रेघ गेली आणि पोलाद आजारी दिसायला लागलं. आतून कापूस भरला, पावसाच्या एका सरीत तो लोळागोळा झाला. प्रत्येक वेळी खाली उतरून कोणालातरी विचारायचं, ‘आता?’ एक म्हणतो थांबला, दुसरा म्हणतो वाढला, तिसरा म्हणतो मला घाई आहे. ग्रंथपाल बाई तर इतक्या भल्या आहेत की मी काहीही केलं तरी ‘बराच फरक आहे हं’ म्हणतात. काल मी भरलेलं सगळं रबर काढून टाकलं आणि त्यांना विचारलं. बराच फरक आहे हं.

मला तोंडावर वाईट बोलणारं माणूस हवंय. माझं मन न राखणारं. माझ्या माहितीत असं एकच आहे आणि ते मुलांना होड्या करायला शिकवतं.

ये, चिमे. पाहुणी म्हणून नको. पत्रा धरायलाही नको, मी नळकांड्यांना टेकवून धरते हल्ली, जमतं. तुझे कान हवेत. ते तुझ्याशिवाय पाठवता येत असते तर मी तेवढेच मागवले असते, हे तुला माहीत आहेच. पण खरं सांगायचं तर तसं नाही.

— ताई

१७ एप्रिल

चिमे,

काल तू गाडीत बसलीस आणि मी परत येऊन वर्कशॉप झाडलं. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. तू इथे होतीस, सगळं पाहिलंस, तरी त्या दिवसाबद्दल लिहिते. तू पूर्ण वेळ माझ्या पाठीमागे होतीस आणि मी पूर्ण वेळ फटीकडे तोंड करून. आपण दोघींनी एकच दिवस पाहिलेला नाही.

पहिल्याच वाऱ्यात तू ऐकलंस आणि तुझं तोंड वेडंवाकडं झालं. मी विचारलं, एवढं वाईट? तू माझ्यासमोर येऊन, एकेक शब्द तोडून म्हणालीस, ‘ताई, मी समोरच्या इमारतीत राहत असते तर मीच कापून नेलं असतं.’ मला इतकं बरं वाटलं. इतक्या लोकांत पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं.

मग तू फटीवर तळवा ठेवून, काढून, वर-खाली करून पाहिलंस आणि खडूने खुणा केल्यास. आवाज कडांमुळे येतो हे तुला लगेच कळलं. कडा सुरीसारख्या, सलग, सरळ. वारा त्यांच्यावर एकसारखा घासतो, बासरीच्या तोंडावर फुंकर घासते तसा. कडा सलग राहिल्या नाहीत तर वारा अडखळेल. म्हणजे खाचा पाडायच्या. म्हणजे माझी रेघ करवतीच्या दातांसारखी करायची. तू हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हतीस, त्यामुळे तुला ते दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकताना मला राग आला होता. तुझ्यावर नाही. नाही, तुझ्यावरच.

परांचीवर चढलो तेव्हा खाली चौक भरला होता. क्रेनवाला परांचीचा पाय धरून उभा, कोणी सांगितलं नसताना. ग्रंथपाल बाईंनी वाचनालय बंद करून सगळ्यांना बाहेर आणलं होतं. अभियंता मीटर छातीशी धरून. वारा असा होता की माझ्या गळ्यातला रुमाल तोंडावर येत होता.

आपलं ठरलं होतं. मी एक खाच पाडायची, ग्राइंडर बंद करायचा, तू माझ्या पाठीवर हात ठेवायचास. आवाज जितका मोठा तितका हात जड.

पहिल्यांदा तू इतक्या जोरात दाबलंस की मी फटीवर आपटले असते. चिमे, त्या क्षणी मला माझं काम पहिल्यांदा समजलं. लोक काय म्हणत होते ते मला कळलं ते तुझ्या तळव्यातून. मी म्हटलं, एवढं? तू तसाच हात ठेवलास.

मग मी कापायला लागले. खालून वर. ठिणग्या फटीतून आत जात होत्या आणि पात्याच्या पोटात विझत होत्या. प्रत्येक खाचेला मला वाटायचं, ही शेवटची असू दे. ग्राइंडर बंद. तुझा हात. अजून जड. पुन्हा सुरू. माझी रेघ माझ्याच हाताखाली कुरतडली जात होती. तरी ग्राइंडर हातात आला की माझं ते जुनं सुरू होतंच. कापतेय म्हटल्यावर हात थांबायला मागत नाहीत. पायाकडून निघालेली मी परांचीच्या मधल्या फळीवर आले, मग वरच्या. तुझा हात हलका व्हायला लागला होता. आधी बोटं हलकी झाली, मग तळवा.

वर थोडीशी फट उरली होती, हातभर. मी मनाशी म्हटलं, आता एवढं खाल्लंय तर हेही खाऊन टाकू, एकसारखं तरी होईल. ग्राइंडर उचलला आणि तुझा हात पाठीवरून निघून गेला. मी वळून पाहिलं. तुझे ओठ म्हणाले, ‘थांब. झालं.’

‘एवढं राहिलंय,’ मी म्हटलं.

‘नको. झालं म्हणते ना.’

मी ग्राइंडर खाली ठेवला. तुला यात काही विशेष वाटलं नसेल. तू लगेच खाली उतरायला लागलीस. मी मात्र वर बसून राहिले, कारण कोणी थांब म्हटल्यावर मी थांबले, हे कोणत्या कामात आधी झालं होतं ते मला आठवेना.

खाली अभियंत्याने मीटर सगळ्यांना दाखवलं, जसं काही ते त्यानेच केलं होतं. काटा खाली. ग्रंथपाल बाई रडल्या, आणि या खेपेला मला शब्द बरोबर कळला. शिंपीकाकांनी खिडकी उघडली. तू तडक वर काकूंना भेटायला गेलीस, मागून मी आले. तू खिडकीशी पाठमोरी बसली होतीस आणि काकू उशीवर मान वळवून तुझ्याशी बोलत होत्या. मला कोणाचेच ओठ दिसले नाहीत. मी आत आल्यावर तुम्ही दोघी गप्प झालात. मला वाटलं, दमलात.

तू शाळा सोडून परत यावंस असं मी म्हटलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. जिभेवर आलं होतं. तुझ्या पिशवीत त्या मुलांनी पत्र्याच्या तुकड्यांचे केलेले मासे पाहिले, वेडेवाकडे, पण सांधे बरे होते. त्यांना कडा घासायला शिकव. हात कापून घेतील.

— ताई

२ मे

चिमे,

कानातलं यंत्र आलं. दोन दिवस लावून फिरले. मला फ्रिज ऐकू येतो, माझे स्वतःचे बूट ऐकू येतात, आणि सगळी माणसं डब्यात बसून बोलतात. डॉक्टर बाई म्हणते सवय होईल. वाऱ्यात तर ते नुसतं खरखरतं, म्हणून चौकात जाताना मी ते खिशात टाकते.

काम आता कसं दिसतं ते तू सकाळच्या उन्हात पाहायला थांबली नाहीस. खाली दात, वर हातभर सरळ. उजेड खाली फाटत फाटत येतो आणि वर गेल्यावर एकदम नीट होतो. सुरुवातीला मी रस्ता बदलून जात होते. आता तसं करत नाही. वाईट दिसत नाही. कदाचित आधीच्यापेक्षा बरं असेल, पण हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

आज सकाळी वारा सुटला. बऱ्यापैकी. मी तिथेच होते. पायऱ्यांवर माणसं बसली होती, कोणाच्या कानात बोटं नाहीत, कोणी वर बघत नाही. काकूंची खिडकी उघडी होती. त्यांना उशांच्या आधाराने बसवलं होतं. त्या माझ्याकडे नाही, पात्याकडे बघत होत्या, मान थोडी कलती करून. अशी मान माणूस बघताना करत नाही.

मी पुढे गेले आणि मधल्या पात्यावर तळवा ठेवला. ते थरथरत होतं. अगदी बारीक, झोपलेल्या जनावराच्या बरगडीवर हात ठेवल्यासारखं. वाऱ्याने पोलाद हलतं तसं हे नव्हतं, ते मी ओळखते. वारा पडला तेव्हा थांबलं. पुन्हा सुटला तेव्हा पुन्हा.

तू थांब म्हणालीस तेव्हा आवाज पूर्ण बंद झालेला नव्हता. वरच्या हातभर फटीत तू थोडा ठेवलास.

मी कोणाकडे बोलले नाही. अभियंत्याच्या काट्याला तो चालतोय, वाचनालयाला चालतोय, मग मी कोण विचारणार? माझं मन न राखणारं एकच माणूस माझ्याकडे होतं आणि तेही असं निघालं. काकूंनी तुला काय सांगितलं, की तुझं तूच ठरवलंस, हेही मी विचारत नाही. ग्राइंडर घेऊन दुपारी चौकापर्यंत जाऊन आले, हे कबूल करते. परत आणून जागेवर ठेवला. ती हातभर फट मी कापणार नाही.

पण एक मला हवंय. तो कसा आहे ते लिही. ‘छान आहे’ असं लिहून पाठवलंस तर मी ते पत्र परत करीन. जाड आहे का बारीक, एकच आहे का वरखाली होतो, सुरू होताना कसा आणि संपताना कसा, माणसासारखा आहे की वस्तूसारखा, सगळं. पुन्हा येऊन ऐकावं लागलं तर ये. एका पानात बसला नाही तर दोन पानं घे. माझं काम आहे ते, चिमे, आणि ते बोलतंय. मला ते वाचायचंय.

— ताई